गाढव, भाग दोन

पहिल्या भागाच्या शेवटी गाढव मेलं
तेव्हा हे जिवंत होते.
माझ्या शेजारी बसून खारे शेंगदाणे खात
स्वतःचा मरतानाचा आवाज ऐकत होते.
पुढच्या रांगेतलं एक पोरगं हमसून रडायला लागलं
तर वाकून त्याला म्हणाले,
"रडू नको बे, मी इथंच हाओ."
पोरगं आणखीच घाबरलं.

सिंहाला पुण्याची भाषा दिली होती,
गाढवाला आमची.
मला राग आला. यांना नाही.
"सिंह दोन सीन बोलते," म्हणाले,
"गधा पूर्ण पिच्चरभर."

धंतोलीतली ती खोली, भिंतींना गाद्या टांगलेल्या,
मे महिना, आणि कूलर बंद,
कारण कूलर चालू राहिला की गाढवामागे घरघर येई
आणि मग सगळं पुन्हा.
घरी आले की बनियन पिळून वाळत घालायची मी.
रात्री मोरीत सराव.
इतवारीतली आमची गल्ली एवढीशी,
समोरच्या धकात्यांच्या खिडकीतून विचारणा:
"काकू, तब्येत बरी आहे ना यांची?"

शेवटच्या यादीत नाव आलं ते असं:
गाढव — निनावी.
निनावे आडनाव आहे हो आमचं,
चार पिढ्या हातमागावर बसल्या त्या नावाच्या.
कुणी शहाण्याने चूक समजून दुरुस्त केलं.
यांनी त्याचा फोटो काढून
सगळ्या नातेवाइकांना पाठवला.

मग कार्तिकात मोक्षधाम.
लाकडाची पावती अजून पर्समध्ये आहे,
नवरा, मणाच्या हिशेबात.

पुढे कामठीचा एक पोरगा घरी आला, तौसिफ.
गाढवाचा नवा आवाज.
चपला दाराबाहेर, नजर खाली.
"काकू, ते हसायच्या आधी काय करायचे?"
थांबायचे, मी म्हटलं.
कुणाकडे तरी परवानगी मागितल्यासारखे.
मग नाकातून.
त्याने करून दाखवलं. चुकलं.
मी करून दाखवलं.
चहावर साय धरली,
आणि साठीची मी अन् बावीस वर्षांचा तो
दुपारभर गाढवासारखे हसत बसलो.

आज राहीला घेऊन आले, सीताबर्डीला मेट्रो बदलून.
बाहेर शेहेचाळीस.
पडद्यावर मेलेल्या जनावरांचं गाव,
निळी नदी, बर्फ,
वेशीवर जिराफ वही घेऊन नावं लिहितो.
"आजी, तिथे कूलर लागत नाही?"
"नाही लागत."
"मग आजोबा खूश असतील."
हिला कुणी सांगितलं आजोबा जनावरांत आहेत म्हणून?
मी तर नाही.
पण आवाज तिथे गेला,
तर बाकीच्याने कुठे जायचं होतं?

तौसिफ बरा बोलतो.
थांबतो, नाकातून हसतो,
लोक हसतात, मीही हसते,
मास्तरीण पास झाल्यासारखी.

मग नदीपाशी एक ससा मागे राहतो.
लहान आहे, पाण्याला भितो.
गाढव वळून म्हणतं,
"थांब बे, मी पुढं पाहून येतो."

हा तौसिफ नाही.

सहाच शब्द. त्यांच्या मागे,
अगदी मागे,
कुणीतरी बंद करायचा विसरलेला कूलर.

तेव्हा टाकून दिलेलं असणार हे,
घरघरीमुळे.
कुणाला सापडलं, कुणी ठेवलं,
तौसिफने मागून घेतलं का,
मी विचारणार नाही.
नदीवर बर्फ पडतोय
आणि मला खसाच्या ताट्यांचा ओला वास येतोय.

"येताना कांदे आणजा,"
मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले असेन.
दोन-तीन डोकी वळली.
राहीने माझ्या तोंडावर हात ठेवला,
खारट, चिकट,
आणि पिक्चर संपेपर्यंत काढला नाही.